आकडे वाचणारा आवाज: मुरगाव, आंबोली आणि शॉर्टवेव्हची गुपितं

आमच्या डिचोलीच्या घरी सोप्यावरच्या फळीवर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. रात्रीची जेवणं आटोपली की वडील काटा सरकवत सिलोन शोधायचे. मला सिलोनपेक्षा तिथवरची वाट जास्त आवडायची. खरखर, मध्येच अजान, मोर्सची टिकटिक, आणि एखाद्या रात्री एक बाई. कुठल्याशा परक्या भाषेत, एका लयीत, आगापिछा नसलेले नुसते आकडे वाचणारी. आपल्याकडे आकडे म्हटले की मटका, त्यामुळे घरच्या मोठ्यांनी तोच अर्थ लावला आणि काटा पुढे सरकला. तो आवाज मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

अशा प्रसारणांना जगभर 'नंबर स्टेशन' म्हणतात. साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एखादी धून किंवा एकच शब्द पुन्हापुन्हा वाजतो. मग ज्याच्यासाठी निरोप आहे त्याचा क्रमांक. मग पाच-पाच आकड्यांचे गट, बहुधा प्रत्येक गट दोनदा, म्हणजे खरखरीत एकदा निसटला तरी दुसऱ्यांदा लिहून घेता यावा. शेवटी समाप्तीचा शब्द, आणि पुन्हा खरखर. स्टेशनचं नाव कोणी सांगत नाही. सहसा कुठलंही सरकार 'हे आमचं' असं म्हणत नाही.

या आकड्यांचं रहस्य उकलावं म्हणून लोकांनी आयुष्यं घातली. पण माझ्या मते खरा प्रश्न निरोपाचा अर्थ काय हा नाही. इतक्या उघड्यावर, कुणालाही ऐकू येईल असा निरोप का पाठवायचा, हा आहे. त्याचं उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे. रेडिओ ऐकणारा मागे काहीच ठेवत नाही. पत्र पोस्टातून जातं, फोनची नोंद राहते, हल्लीचा मेसेज तर दहा ठिकाणी उमटतो. पण मडगावच्या बाजारात मिळणारा साधा रेडिओ घेऊन कोणी आपल्या खोलीत बसला, तर तो काय ऐकतोय, किंबहुना ऐकतोय की नाही, हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही. मग पोलिसांना कुठून कळणार?

लांबवर पोचण्याचं काम आकाश करतं. साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी म्हणजे शॉर्टवेव्ह. जमिनीपासून साठ-सत्तर ते काहीशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी हवा विद्युतभारित झालेली असते. या लहरी तिथून वळून पुन्हा खाली येतात, समुद्रावरून उसळून परत वर जातात, आणि अशा उड्या मारत हजारो किलोमीटर कापतात. दिवसा यातला सगळ्यात खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. लहानपणी वाटायचं की परके आवाज रात्रीचे बाहेर पडतात. ते दिवसाही असतातच, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

अर्थ लपवण्याची युक्ती तर याहून साधी आहे. पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे अगदी सारखी, कुठल्याही नियमाशिवाय निवडलेल्या आकड्यांची वही असते. तिला 'वन-टाइम पॅड' म्हणतात, कारण तिचं प्रत्येक पान एकदाच वापरायचं आणि जाळायचं. समजा मूळ निरोपाचे आकडे आहेत ४१५२७ आणि वहीच्या पानावर आहेत ८०४६३. या दोन्हींची बेरीज करायची, पण हातचा न घेता. चार आणि आठ बारा, त्यातले दोनच लिहायचे. उत्तर येतं २१९८०. रेडिओवर तेवढेच आकडे वाचले जातात. घेणारा तसंच, हातच्याशिवाय, वजा करतो आणि ४१५२७ परत मिळवतो. आता ज्याच्याकडे पान नाही त्याचं काय? त्याने अंदाजाने ९१०७४ हे पान धरलं तर २१९८० मधून ३०९१६ निघतं. दुसरं पान धरलं तर तिसरंच काही. पाच आकड्यांचा कुठलाही निरोप त्यातून काढता येतो, आणि खरा कुठला हे ठरवायला आधारच नसतो. म्हणजे हे कुलूप फोडायला अवघड आहे असं नव्हे, त्याला फोडता येण्याजोगी फटच नाही. ही कल्पना १८८२ मध्ये फ्रँक मिलर या कॅलिफोर्नियातल्या बँकरने तारायंत्रासाठी मांडली होती. ती अभेद्य असल्याची क्लॉड शॅनन यांची गणिती सिद्धता १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.

धोका माणसाच्या आळसात आणि घाईत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सोव्हिएत कारखान्याने वह्यांची हजारो पानं दुबार छापली. एकदाच वापरायची पानं दोनदा वापरली गेली, आणि अमेरिकन तज्ज्ञांनी त्या एका चुकीवरून पुढे अनेक वर्षं जुने निरोप थोडेथोडे वाचून काढले. 'व्हेनोना' या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प तो हाच.

त्याच युद्धात बीबीसीच्या फ्रेंच कार्यक्रमात बातम्यांच्या बरोबरीने विचित्र वाक्यं वाचली जात. कुणाच्या मिशा लांब आहेत, असलं काहीतरी. ती फ्रान्समधल्या भूमिगतांसाठी असत. जून १९४४ मध्ये एका फ्रेंच कवितेच्या ओळी दोन हप्त्यांत वाचल्या गेल्या, आणि दुसऱ्या हप्त्यानंतर काही तासांतच दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. ऐकत सगळेच होते, जर्मनसुद्धा. सुरक्षित होता तो आपलं वाक्य ओळखणारा, कारण लाखो श्रोत्यांत तो एक होता.

पाठवणाऱ्याला हे कवच नसतं. प्रक्षेपक चालू झाला की दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजून त्याची जागा हुडकता येते. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानात कुठूनतरी' असं सांगत. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. जागा सारख्या बदलूनही १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना गाठलंच.

आणि आपलं मुरगाव, वास्कोचं बंदर. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं तटस्थ पोर्तुगालच्या या बंदरात आसऱ्याला आली. सोबत अँफोरा हे इटालियन जहाजही होतं. ती तिथेच अडकून पडली, वर्षानुवर्षं. हिंदी महासागरात दोस्तांची जहाजं बुडत होती, आणि एहरेनफेल्सवर लपवलेला प्रक्षेपक पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवतो असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येत नव्हता. म्हणून ब्रिटिश गुप्त संघटना एसओईने कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी स्वयंसेवक पथकातली मंडळी गोळा केली. यातले बरेचसे पन्नाशीकडे झुकलेले, कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांतले लोक. 'फीबी' नावाची एक संथ बार्ज कलकत्त्याहून द्वीपकल्पाला वळसा घालत निघाली, बहुतेक मंडळी रेल्वेने येऊन कोचीनला तिच्यावर चढली, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावला पोचून ते एहरेनफेल्सवर चढले. चकमकीत जहाजाच्या कप्तानासह काही खलाशी मेले आणि जहाज जळून बुडालं. बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं पेटवून बुडवली. भाग घेणाऱ्यांना ना पदक मिळालं ना जाहीर शाबासकी, कारण तीस वर्षांहून जास्त काळ ही मोहीमच गुपित होती. त्या प्रक्षेपकाने किती जहाजं बुडवली याचे मोठमोठे आकडे पुढे सांगितले गेले. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत आणि मीही ते इथे देत नाही. पण एका रेडिओच्या संशयावरून वास्कोच्या समोरच्या पाण्यात चार जहाजं जळाली, हे वास्कोत वाढलेल्या किती मुलांना माहीत असतं? शाळेत मला तरी हे कुणी शिकवलं नाही.

युद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं, आणि नंबर स्टेशनांचा खरा सुकाळ तेव्हाचा. जर्मन, स्पॅनिश, चेक, रशियन, इंग्रजी, भाषा अनेक. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलिसांकडे ध्वनिमुद्रित आकडे जोडून बोलणारं यंत्रच होतं, म्हणून तो आवाज इतका निर्विकार. सगळ्यात नाव झालं ते 'लिंकनशायर पोचर'चं. हे नाव हौशी श्रोत्यांनी दिलेलं. सुरुवातीला याच नावाच्या इंग्रजी लोकगीताचे सुरुवातीचे सूर, मग एका बाईचा आवाज, प्रत्येक गटाचा शेवटचा आकडा किंचित वरच्या पट्टीत. दिशा मोजणाऱ्या हौशींनी त्याचा माग सायप्रस बेटावरच्या अ‍ॅक्रोटिरी या ब्रिटिश हवाई तळापर्यंत काढला. २००८ मध्ये ते बंद झालं.

याच शीतयुद्धाच्या वर्षांत आपल्या सीमेवर एक वेगळा गुप्त रेडिओ चालला. त्याच्याबद्दल लिहिताना मला आवाज शांत ठेवणं जमत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापील शब्दावर पहारा होता. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. घरात एखादं पत्रक सापडलं तर माणूस आग्वादच्या तुरुंगात. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा बंद झाल्या, बाहेरची बातमी आत यायची वाट उरली नाही. तेव्हा वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांचे सहकारी आंबोलीच्या रानात गेले. २५ नोव्हेंबर १९५५ ला तिथून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्येही, म्हणजे राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सुनावता यावं. पुढे हे केंद्र कॅसलरॉकला हललं. सहा वर्षं, पाऊस, जळवा, एकांत सगळं सोसून, त्यांनी ते चालवलं. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला या एका वाक्याचं वजन कळेल.

तिथे आकड्यांची भाषा नव्हती, निरोप सरळ होता. तरीही ज्या कारणाने नंबर स्टेशन टिकलं त्याच कारणाने हा आवाज घराघरात गेला. पत्रक पकडता येतं, ऐकलेलं वाक्य पकडता येत नाही. दार लावून, आवाज बारीक करून बसलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी झडतीला सापडेल असं काही नसायचं.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं आणि पोर्तुगीज गोव्याचा बाहेरच्या जगाशी आवाज तुटला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाल्याची घोषणा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, गोव्याच्या आकाशात फिरत केली. ज्यांचा आवाज सहा वर्षं भिंतीआड ऐकला गेला ते लोकांच्या डोक्यावरून उघडपणे बोलत होते. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

नंबर स्टेशनांवर हेरांचा शिक्का कागदोपत्री बसला तो न्यायालयांत. १९९८ मध्ये फ्लोरिडात क्यूबाचं हेरजाळं पकडलं गेलं आणि शॉर्टवेव्हवरून येणारे आकडे खटल्यात पुरावा म्हणून मांडले गेले. अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्यात राहून क्यूबासाठी हेरगिरी करणाऱ्या अ‍ॅना माँटेस सप्टेंबर २००१ मध्ये पकडल्या गेल्या. त्या घरी साध्या सोनी रेडिओवर आकडे टिपून घेत आणि लॅपटॉपवर उलगडत. रेडिओने त्यांचा काहीच माग सोडला नव्हता. लॅपटॉपने सोडला. पुसलेल्या फाइलींचे अवशेष तपासात परत मिळाले. २०११ मध्ये जर्मनीत पकडलेलं रशियन हेर जोडपंही आपले निरोप शॉर्टवेव्हवरूनच घेत होतं, इंटरनेट घरोघरी असताना.

उत्तर कोरियाने २०१६ मध्ये अनेक वर्षांच्या खंडानंतर आकडे पुन्हा सुरू केले. निवेदिका सांगायची, सत्तावीस क्रमांकाच्या शोधपथकातल्यांसाठी दूरशिक्षण विद्यापीठाची भौतिकशास्त्राची उजळणी, आणि मग पान क्रमांक, प्रश्न क्रमांक. जानेवारी २०२४ मध्ये ते प्रसारण बंद पडलं. रशियाची ४६२५ किलोहर्ट्झवरची घरघर ही नंबर स्टेशन नव्हे, ते लष्करी केंद्र असावं असा जाणकारांचा कयास आहे. एरवी तासन्‌तास नुसता भोंगा, आणि कधीतरी अचानक एखादा माणूस रशियन नावं आणि आकडे वाचून जातो. क्यूबाने २०१२ पासून नवी पद्धत धरली. स्पॅनिशमध्ये पाच-पाच आकड्यांचे गट, त्यांच्या मधोमध संगणकाच्या फाइलचा कर्कश आवाज, आणि मग परत तीच बाई.