कुक्कुट रोगांची नुकसानभरपाई आणि लसीकरण (सांगली-सातारा)

कोंबड्यांच्या रोगांबाबत सरकारचे धोरण दोन वाटांनी चालते. बर्ड फ्लूमध्ये पक्षी मारून सरकार भरपाई देते, तर मानमोडी (राणीखेत), गंबोरो, देवी या रोगांवर लस असते, पण भरपाई मिळत नाही. विट्याच्या लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) शेडपासून फलटण-कराडच्या ब्रॉयलरपर्यंत (मांसाच्या कोंबड्या) सगळ्यांना हा फरक लागू आहे.

भारतात बर्ड फ्लू प्रथम 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला. अचानक मरतूक वाढली की मालकाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अहवाल होकारार्थी आला की 1 किलोमीटर परिघ बाधित क्षेत्र ठरते आणि तिथले सर्व पक्षी, अंडी व खाद्य नष्ट केले जाते. 10 किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण होते.

भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. 2021 च्या साथीत महाराष्ट्रात पुढील दर होते: 8 आठवड्यांपर्यंतचा लेअर पक्षी 20 रुपये, त्यावरील 90, 6 आठवड्यांपर्यंतचा ब्रॉयलर 20, त्यावरील 70, अंडे 3 रुपये, खाद्य किलोला 12 रुपये. पैसे मिळतात ते सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याचे, रोगाने आधीच मेलेल्याचे नाही. या दराने 8 आठवड्यांवरील 5,000 लेअरपैकी 1,200 मेल्यावर कळवले, तर 3,800 पक्ष्यांचेच 3 लाख 42 हजार मिळतात; 1 लाख 8 हजार हातचे गेले. म्हणून उशिरा कळवणे हेच सर्वांत महागात पडते. या दरात दुसरा अन्यायही होता. 20 आठवडे खाद्य घालून नुकतीच अंड्यावर आलेली तलंग आणि 75 आठवड्यांची कलिंगला (अंडी घटल्याने काढून टाकायला) निघालेली कोंबडी, दोघींना 90 रुपयेच होते. रिकाम्या शेडचा काळ, मजुरी, बँकेचा हप्ता यांचा भरपाईत समावेश नाही.

पंचनामा अडतो तो कागदांवर. पिलांचे बिल, रोजची मरतूक नोंदवही आणि खाद्याचा साठा यांचा मेळ बसला नाही, तर वय आणि संख्या यांवरून वाद होतो. करारावरच्या ब्रॉयलरमध्ये पिले व खाद्य कंपनीचे असते. मालकी कोणाची ते करारात स्पष्ट नसेल, तर शेतकऱ्याचा हात रिकामा राहू शकतो. अहवालाची वाट पाहताना पक्षी विकणे किंवा मेलेले ओढ्यात, कॅनॉलमध्ये टाकणे यानेच साथ पुढच्या गावात जाते.

पक्षी पुरण्यासाठी 2 मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे 1,800 पक्षी मावतात; वर चुना व माती पडते. पलूस-वाळव्याच्या कृष्णाकाठी उसाच्या पाण्याने जमीन पाणथळ असते, खड्ड्याला लगेच पाणी लागते, म्हणून उंच जागा आधीच हेरून ठेवावी. खानापूर-आटपाडीच्या मुरमात जेसीबीशिवाय खड्डा होत नाही.

बर्ड फ्लूच्या घातक एच5एन1 विषाणूवर भारतात सर्वसाधारण लसीकरण होत नाही. लस घेतलेला पक्षी निरोगी दिसत असतानाही विषाणू पसरवू शकतो, आणि तपासणीत रक्तात दिसणारी प्रतिपिंडे (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने) लसीची की रोगाची हे ओळखणे कठीण होते. कमी घातक एच9एन2 साठी मात्र भोपाळच्या संस्थेने विकसित केलेल्या निष्क्रिय लसीला परवानगी आहे.

मानमोडीसाठी लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब देतात. गंबोरो साधारण 14 व्या दिवशी. लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून देताना क्लोरीन नसलेले पाणी घ्यावे, लीटरला 5 ग्रॅम सायीविना दूधपावडर घालावी आणि पक्षी दोन तास आधी तहानलेले ठेवून पाणी दोन तासांत संपवावे. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. उन्हातून दुचाकीवर बर्फाशिवाय आणलेली बाटली टोचूनही मानमोडी येते, आणि दोष लसीला जातो. मानमोडीचीच 'आर2बी' ही लासोटापेक्षा तीव्र लस 8 व्या आठवड्यात पंखाखाली अर्धा मिली टोचतात. 6 आठवड्यांच्या आतल्या पिलांना ती दिली तर लसच रोग घडवते.