‘पावसाची शक्यता 60 टक्के’ : हा आकडा येतो कुठून?

आमचा पाऊस-सल्ला घेणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष व डाळिंब बागायतदारांसाठी

“तुम्ही पाऊस सांगितला, तो शेजारच्या शिवारात पडला. आमच्याकडे नुसता वारा!” मे ते ऑक्टोबर हा फोन ठरलेला, आणि तक्रार खरीच असते. आपला भाग पर्जन्यछायेतला. भिजपाऊस थोडा, वळवाचा आणि परतीचा गडगडाटी पाऊस जास्त. असा एकेक ढग रुंदीला काही किलोमीटर, तासाभरात वाढून विरणारा.

संगणक मात्र हवा चौकोनांत मोजतो. जगाचे दीर्घकालीन हवामान (क्लायमेट) मांडणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये चौकोनाची बाजू 100 किलोमीटरच्या आसपास असते. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर सगळे एकातच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली, 2025 मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही रोजच्या अंदाजाची प्रणाली 6 किलोमीटरवर आली, तरी बरेच ढग त्याहून लहानच.

जुन्या पद्धतीत चौकोनाची सरासरी उष्णता आणि दमटपणा सूत्रात घालून ढगांचा परिणाम काढत. उष्ण कटिबंधात हे लंगडे पडते. तेवढ्याच उकाड्यात आज ढग फुटतो, उद्या नुसता फुगून जातो. सूत्र दोन्ही दिवशी एकच उत्तर देते. त्यामुळे मॉडेलमध्ये उठसूट रिपरिप, आणि खरा दणका कमी.

म्हणून आता काही मॉडेलमध्ये मुद्दाम फासे टाकतात. उथळ ढग उंच वाढेल का, उंच ढग गडगडाटी होईल का, हे प्रत्येक टप्प्यावर यदृच्छेने, म्हणजे फाशाच्या दानासारखे योगायोगाने, ठरते. फासा आंधळा नसतो: हवा वरपर्यंत दमट असेल तर तो पावसाकडे झुकतो, कोरडी असेल तर उलट. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राने 1998 मध्ये आपल्या अंदाजात सूत्रांची उत्तरे यदृच्छेने कमी-जास्त करायला सुरुवात केली. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनीही मान्सूनच्या मॉडेलमध्ये असे ढग बसवून पाहिले. पावसाचे चढउतार अधिक खरे उमटले.

मग तोच अंदाज सुरुवात किंचित बदलून, फासे नव्याने टाकून पुन्हा पुन्हा चालवतात. 51 पैकी 31 वेळा पाऊस आला, की आम्ही साधारण 60 टक्के लिहितो.

60 दिसले तर स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी थांबवा, धुऊन जाईल. बेदाणा शेडवर असेल तर 20 टक्क्यांनाही पडदे सोडा. पडद्याला खर्च नाही, भिजलेल्या मालाला भाव नाही. आणि कोणी तुमच्या गटनंबराचा नेमका पाऊस विकत असेल, तर पैसे देण्याआधी त्याचा चौकोन केवढा ते विचारा.