पार्श्वभूमी : ९७ विरुद्ध ० मतांमागची ओढाताण

राजधानी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयावरच्या श्री श्रीनिवासन यांच्या नेमणुकीला सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, २३ मे २०१३ रोजी ९७ विरुद्ध ० मतांनी मंजुरी दिली. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयात बसणारे ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले न्यायाधीश. चंडीगडचा जन्म, कॅन्ससमध्ये बालपण, स्टॅनफर्डचे शिक्षण, सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे वकिली, हे सारे वाचकांना ठाऊक असेल. पण एकमताचा आकडा पाहून त्या नेमणुकीत वादच नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल.

वॉशिंग्टनच्या या न्यायालयात केंद्रीय खात्यांच्या नियमांना दिलेली आव्हाने मोठ्या प्रमाणात येतात. त्यामुळे तिथल्या प्रत्येक जागेवर दोन्ही पक्षांचा, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाचा, डोळा असतो. ११ पैकी ४ जागा तेव्हा रिकाम्या होत्या आणि त्यातली एक तर २००५पासून. त्या जागेसाठी सुचवलेल्या वकील महिलेची वाट विरोधकांनी दोनदा अडवली. अखेर मार्च २०१३मध्ये त्या महिलेने आपले नाव मागे घेतले. श्रीनिवासन आले तेव्हा कार्यरत न्यायाधीशांत दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले चार-चार झाले.

नेमका इथेच विरोधकांनी पाय रोवला. न्यायालयाला काम कमी आहे, म्हणून जागाच ८ कराव्यात, असे विधेयक त्यांनी एप्रिलमध्येच आणले होते. कामाचा मुद्दा अगदी निराधार नव्हता. पण बरोबरी साधताच जागा गोठवायची, हा त्यातला हिशेब लपत नाही. शरद ऋतूत उरलेल्या तिन्ही उमेदवारांची नावे एकामागून एक अडली. मंजुरीला साधे बहुमत पुरते, अडचण असते ती मतदानाआधीची चर्चा थांबवण्याची. त्यासाठी ६० मते लागत.

२१ नोव्हेंबरला सत्ताधाऱ्यांनी ही अट मोडली, तीही नियमाच्या मजकुराला हात न लावता. चर्चा थांबवायला साधे बहुमत पुरे, असा हरकतीचा मुद्दा बहुमतातल्या नेत्याने मांडला, पीठासीन सदस्याने तो फेटाळला आणि सभागृहाने तो निर्णय ५२ विरुद्ध ४८ मतांनी उलटवला. सत्ताधाऱ्यांचेच तीन सदस्य विरोधात गेले. सर्वोच्च न्यायालय वगळता सगळ्या नेमणुकांवरची चर्चा थांबवायला साधे बहुमत पुरेसे झाले. लेखी नियम बदलण्याच्या चर्चेवर पडदा टाकायला दोन-तृतीयांश मते लागली असती, म्हणून ही आडवाट. माझ्या मते तिच्यावाचून त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्याच राहिल्या असत्या. जानेवारी २०१४पर्यंत तिन्ही जागा भरल्या.

त्याची परतफेड एप्रिल २०१७मध्ये झाली. तोवर बहुमतात आलेल्या रिपब्लिकन पक्षाने तीच वाट सर्वोच्च न्यायालयासाठीही खुली केली. श्रीनिवासन यांचे नाव २०१६मध्ये त्या न्यायालयासाठी चर्चेत होते. राष्ट्राध्यक्षांनी निवडले ते त्यांच्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना, आणि सिनेटने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. त्या मुख्य न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२०मध्ये ते पद सोडले. ६५ वर्षांखालील सर्वांत ज्येष्ठ म्हणून ते श्रीनिवासन यांच्याकडे आले. त्यासाठी सिनेटचे मत लागत नाही.