चित्र उशिरा येतंय की अडखळतंय?

लग्नाचं लाइव्ह सांभाळणाऱ्याला मंगलाष्टकं संपता संपता एक फोन ठरलेला असतो. मागच्या सीझनला नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर मलाही आला. नवरीची मावसबहीण, अमेरिकेतून. “दादा, तुमच्या मागे वाजंत्री ऐकू येतेय आणि आमच्याकडे अजून अंतरपाटच धरलाय. लॅग आहे ना तुमचा?”

“ताई, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात नीट हलतायत, की तुटक दिसतायत?”

“नीट हलतायत.”

“मग काही बिघडलेलं नाही. वीसेक सेकंदांत खाली येईल.”

आला. हारही वेळेवर पडले, म्हणजे त्यांच्या वेळेवर.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी पंचवटीत एका कीर्तनाला कॅमेरा लावला होता. बुवा चिपळ्या घेऊन हात वर नेतात, तो वर गेलेला दिसतो, मधला प्रवास गायब, आणि पुढच्या क्षणी हात थेट छातीशी. आयोजकांपैकी एक काका लॅपटॉपपाशी वाकून म्हणाले, “अरे, लॅग मारतोय तुझा कॅमेरा.”

शब्द तोच, दुखणं निराळं. पहिला होता उशीर, दुसरं अडखळणं. दोन्हीला आपण ‘लॅग’ म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण एकाचा उपाय बहुतेक वेळा दुसऱ्याला वाढवतो.

नाशिककराला हा फरक समजायला संगणक लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की रामकुंडावर पाणी लगेच वाढत नाही. ते वाटेत असतं. काही वेळाने नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी, मग गुडघ्याशी येतं, पण येतं ते अखंड. हा उशीर. उलट सकाळी नळ सोडला की आधी फुसफुस, मग धार, मग पुन्हा हवा. पाणी ताजं आहे, पण तुटक आहे. हे अडखळणं. नळाच्या तुटकपणावर आपण काय करतो? गच्चीवर टाकी बसवतो. मग घरातली धार एकसारखी येते, फक्त पाणी टाकीत थांबून येतं. संगणकात या टाकीला बफर म्हणतात. बफर वाढवला की अडखळणं कमी होतं आणि उशीर वाढतो, बफर काढला की उलट. हे एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मी चुकीची खरेदी टळते.

आता उशीर कुठे साठतो ते बघू. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वाचतो, कॅमेरा ते एचडीएमआयवर टाकतो, कॅप्चर कार्ड ते झेलून यूएसबीतून लॅपटॉपला देतं, ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) ते रंगवतं, स्क्रीन ते दाखवते. प्रत्येक टप्पा एखाददुसरी फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, हातात धरतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ३० मध्ये ३३, ६० मध्ये जेमतेम १७. चार टप्प्यांनी एकेक फ्रेम धरली, तर २५ वर १६० मिलिसेकंद गेले आणि ६० वर ६७. म्हणून कॅमेरा ५० किंवा ६० फ्रेमवर ठेवला, तर काही न विकत घेता उशीर कमी होतो, अर्थात पुढच्या साखळीला तो वेग पेलत असेल तर.

हा झाला मांडवातला उशीर, सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागाचा. मावसबहिणीकडचे वीस सेकंद वेगळे, त्यांच्याशी कॅप्चर कार्डाचा काही संबंध नाही. इंटरनेटवर व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी जातो. एचएलएस या अशा तुकड्यांच्या पद्धतीत ॲपलने सुचवलेला तुकडा ६ सेकंदांचा आहे आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागून सुरू होतो. झाले की अठरा सेकंद. यूट्यूबवर लेटन्सीचे, म्हणजे उशिराचे, नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो असे पर्याय असतात. अल्ट्रा लो निवडलं की प्रेक्षकाच्या टाकीत पाणी कमी, त्याचं नेट जरा डळमळलं की लगेच गोल फिरायला लागतं. लग्नाला मी नॉर्मलच ठेवतो. वीस सेकंद उशिरा अक्षता पडल्या म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही, ऐन सप्तपदीत चाक फिरलं तर मात्र आयुष्यभर ऐकावं लागतं. प्रश्नोत्तरांचं व्याख्यान असेल आणि समोरून कमेंट वाचून उत्तरं द्यायची असतील, तर लो.

मांडवातला उशीर खरा टोचतो तो स्टेजशेजारी एलईडी वॉल असते तेव्हा. लोक वक्त्याचा आवाज थेट ऐकतात आणि ओठ मागाहून हलताना बघतात. इथे सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याच्या एचडीएमआयला स्प्लिटर लावायचा, एक वायर सरळ वॉलच्या प्रोसेसरला, दुसरी कॅप्चर कार्डाला. वॉलचं चित्र लॅपटॉपमधून फिरवून आणायचंच नाही. काही कार्डांना लूप-आउट असतो, तोही हेच करतो. वॉलवर नावाच्या पट्ट्या हव्यात म्हणून लोक लॅपटॉपमधून नेतात. पट्टी हवी की ओठ, हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावं.

आता अडखळणं. हा प्रांत जास्त फसवा, कारण इथे कारणं अनेक आणि दिसणं एकच.

कीर्तनाच्या दिवशी माझ्याकडे पाच-सातशे रुपयांत मिळतं ते पेनड्राइव्हएवढं कॅप्चर कार्ड होतं. चांगलं मोठं कार्ड दुसऱ्या कामाला गेलेलं. या छोट्या कार्डांच्या खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं. ते आत काय घेतं त्याबद्दल. बाहेर ते यूएसबी २.० वरून जास्तीत जास्त १०८०पी देतं. ओबीएसमध्ये व्हिडिओ फॉरमॅटच्या यादीत दोन नावं दिसतात: एमजेपेग आणि वाययूवाय२. मी कुठेतरी वाचलं होतं की वाययूवाय२ म्हणजे न दाबलेलं, शुद्ध चित्र. निवडलं. शुद्ध हवं होतं ना.

हिशोब मात्र केला नव्हता. वाययूवाय२ मध्ये दर पिक्सेलला २ बाइट लागतात. १९२० गुणिले १०८० गुणिले २, म्हणजे एका फ्रेमला सुमारे ४.१ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर जवळपास १२४ एमबी. यूएसबी २.० चा वेग कागदावरच ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि व्हिडिओसारख्या वेळेला बांधलेल्या प्रवाहाला एका वाटेने त्यातले २४ च्या आसपासच मिळतात. चोवीसमध्ये ४.१ च्या पूर्ण फ्रेम किती बसणार? पाच. कार्डाने मुकाट्याने सेकंदाला ५ फ्रेम दिल्या, कुठे लाल अक्षर नाही की इशारा नाही. दोन फ्रेममध्ये २०० मिलिसेकंद. तेवढ्यात बुवांच्या चिपळ्या वर जाऊन खाली येतात.

एमजेपेग केलं आणि हात सलग हलायला लागला. एमजेपेगमध्ये प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबलेली असते, त्यामुळे पाइपात मावते. रंगाच्या कडा किंचित मऊ होतात, पण मांडवातल्या पिवळ्या हॅलोजनखाली ते कोणाला कळत नाही. खरोखर न दाबलेलं १०८०पी हवं असेल, तर यूएसबी ३.० चं कार्ड आणि लॅपटॉपचं ३.० चं पोर्ट, दोन्ही लागतात. निळ्या पट्टीच्या पोर्टात २.० चं कार्ड खोचून ते ३.० चं होत नाही. आणि हबवर दुसरं कार्ड, माउस, साउंड कार्ड सगळं लटकवलं की तेच २.० चं पाणी सगळ्यांत वाटलं जातं.

दुसरं कारण बारीक आहे आणि आपल्याकडे फार आढळतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे दिवे लुकलुकू नयेत म्हणून आपले बहुतेक कॅमेरे २५ किंवा ५० वर असतात. ओबीएस मात्र ३० वर ठेवलेलं असतं. कॅमेरा २५ चित्रं देतो, ओबीएसला ३० हवीत, मग ते सेकंदाला पाच चित्रं पुन्हा दाखवतं. एरवी लक्षात येत नाही. पण कॅमेरा गोदाघाटावर डावीकडून उजवीकडे संथ फिरवा, देवळांचे कळस ठराविक ठेक्यात लचकताना दिसतील. कार्ड निर्दोष, वायर निर्दोष. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २५ किंवा ५० करा, संपलं.

वेबकॅमची एक खोड सांगून टाकतो. उजेड कमी झाला की तो शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि त्यासाठी ३० फ्रेमवरून १५ वर उतरतो. रात्री आठच्या ऑनलाइन क्लासला ‘लॅग’ होतो आणि सकाळी होत नाही, त्याचं कारण ट्यूबलाइट. समोर एक दिवा लावा, किंवा ऑटो एक्स्पोजर बंद करा.

उरलेलं अडखळणं लॅपटॉपच्या आत किंवा नेटवर होतं आणि ओबीएस ते स्वतः सांगतं. स्टॅट्सची खिडकी उघडा. तिथे तीन आकडे वेगवेगळे मोजले जातात: रेंडरिंगमध्ये हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगमध्ये गाळलेल्या आणि नेटवर्कमुळे टाकून दिलेल्या. पहिला वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. दुसरा वाढत असेल तर एन्कोडर (चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारा) दमलाय, सेटिंग हलकं करा किंवा हार्डवेअर एन्कोडर निवडा. तिसरा वाढला तर अपलोड पुरत नाही, बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवा. तिन्ही शून्य आहेत आणि तरी चित्र तुटतंय, तर दोष ओबीएसपर्यंत पोहोचण्याआधीचा: कॅमेरा, वायर, कार्ड, फॉरमॅट. हा शून्याचा निकाल मला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

दोन्हींतलं काय आहे हे डोळ्यांनी ठरत नसेल तर दोन मोबाइल घ्या. एकावर स्टॉपवॉच सुरू करून तो कॅमेऱ्यासमोर धरा. शेजारी लॅपटॉपच्या स्क्रीनवर त्याच स्टॉपवॉचचं चित्र दिसेल. दुसऱ्या मोबाइलने दोन्ही एकाच फोटोत घ्या. असे दहा फोटो. प्रत्येक फोटोतला खरा आकडा वजा स्क्रीनवरचा आकडा, कागदावर मांडा. पुसट आकड्यांचे फोटो सोडून द्या.

कीर्तनाच्या कार्डाचे एमजेपेगवरचे माझे आकडे आले ते असे: ०.१८, ०.१९, ०.१८, ०.२०, ०.१८. सगळे एका रांगेत, म्हणजे निव्वळ उशीर. मग मुद्दाम वाययूवाय२ लावून घेतले: ०.२२, ०.३७, ०.२५, ०.१९, ०.३४. उड्या मारणारे आकडे म्हणजे अडखळणं. उशीर किती हे सरासरी सांगते, तुटकपणा किती हे आकड्यांचा पसारा सांगतो.

ओबीएसमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये बफरिंगचा पर्याय असतो: आपोआप, चालू, बंद. आकडे एका रांगेत असतील तर बंद करून बघा, उशीर घटेल. आकडे उड्या मारत असतील तर बंद करू नका, आणखी मारतील. कीर्तनाच्या दिवशी मी आधी बफरिंग चालू केलं होतं. चिपळ्या तशाच तुटक राहिल्या, वर उशीर वाढला. मुळात फ्रेमच पाच येत असतील तर टाकी काय भरणार? टाकी अनियमित पाण्याला उपयोगी, कमी पाण्याला नाही.

शेवटचं, आवाज. मिक्सरचा आवाज साउंड कार्डातून लॅपटॉपमध्ये जवळजवळ लगेच पोहोचतो, चित्र १८० मिलिसेकंदांनी. म्हणजे आवाज पुढे, ओठ मागे. हे माणसाला फार खुपतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळायला लागतो, मागे राहिला तर १२५ पर्यंत कळत नाही. तसं असणारच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, मिरवणुकीत ३४ मीटरवरचा नाशिक ढोल आपल्याला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिराच ऐकू येतो आणि आपण त्याला लॅग म्हणत नाही. टिपरू पडण्याआधी ठोका ऐकू आला तर मात्र पोरंसुद्धा वळून बघतील.

म्हणून आवाजालाच थांबवायचं. ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट असतो, तिथे मिलिसेकंद टाकायचे. किती, ते टाळी वाजवून रेकॉर्ड करून मोजायचं: तळहात भिडलेली फ्रेम आवाजाच्या टोकापासून किती फ्रेम मागे आहे ते पाहा, २५ वर दर फ्रेमला ४० धरा. पण ही मोजणी कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकदा आणि तासाभराने पुन्हा करा. फरक तेवढाच असेल तर तो साधा उशीर, ऑफसेटने जातो. वाढलेला असेल तर कॅमेऱ्याचं आणि साउंड कार्डाचं घड्याळ एका चालीने चालत नाहीये. दहा लाखात पन्नास इतका फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात, दोन तासांच्या कीर्तनात त्याच्या दुप्पट. त्यावर ऑफसेट पुरत नाही. मग मिक्सरचा आवाज कॅमेऱ्याच्याच माइक इनपुटला द्या, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून, एकाच घड्याळावर येतील. टाळी वाजवायची राहून गेली असेल, तर ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर मोजा. माइक ढोलाजवळ हवा, एवढंच.