गेम दिग्दर्शक

व्हिडिओ गेम खेळताना येणारा अनुभव एकसंध राहावा, याची जबाबदारी असलेली व्यक्ती. पैसा आणि मुदत निर्माता पाहतो, लेव्हल आणि नियम डिझायनर रचतात. त्यातले काय ठेवायचे आणि काय छाटायचे, हे दिग्दर्शक ठरवतो.

खेळाडूला निवड दिली की कर्त्याचा ताबा सुटतो, म्हणून गेम ही गंभीर कला नव्हे, असा आक्षेप अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००५ मध्ये घेतला होता. पण खेळाडूपुढे कोणत्या निवडी येतील, हेच मुळी दिग्दर्शकाच्या हातात असते. मध्येच घातलेली देखणी चित्रफीत त्या मानाने उसनी कला. खरी परीक्षा बटणांवर होते.

जपानी दिग्दर्शक फुमितो उएदा (जन्म १९७०) यांचा ‘इको’ (२००१) हा गेम या दृष्टीने पाहावा. शिंगे असलेला एक मुलगा योर्डा नावाच्या मुलीला घेऊन किल्ल्यातून सुटू पाहतो. उएदांची पद्धत वजाबाकीची: पडद्यावर उरलेला जीव दाखवणारी पट्टी (हेल्थ बार) नाही, गुणसंख्या नाही. कंट्रोलरवरचे आर-१ बटण दाबून धरले की मुलगा तिचा हात धरतो, बोट उचलले की हात सुटतो. योर्डाला पळवायला येणाऱ्या सावल्यांसारख्या प्राण्यांच्या फटक्यांनी मुलगा मरत नाही, नुसता कोलमडतो. मात्र त्यांनी योर्डाला काळ्या विवरात ओढून नेले आणि तिला वेळेत बाहेर काढले नाही, तर डाव संपतो. खेळाडूची काळजी आपोआप स्वतःवरून तिच्याकडे वळते, आणि त्यासाठी एकही संवाद खर्ची पडत नाही. उएदांच्याच ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (२००५) तेच बटण महाकाय प्राण्याची लव मुठीत धरण्यासाठी आहे. पकड हळूहळू संपते, ती भरून यायला कुठेतरी सपाट जागी थांबावे लागते. शत्रू फक्त १६, मध्ये किरकोळ लढाया नाहीत. प्राणी कोसळला की जल्लोषाऐवजी शोकाचे सूर वाजतात.

या हट्टाची किंमतही असते. हालचाल खरी वाटावी म्हणून अ‍ॅनिमेशन पुरते होऊ दिले, तर बटण दाबणे आणि कृती होणे यांत अंतर पडते आणि ‘कंट्रोल जड आहेत’ अशी तक्रार येते. ‘कोलोसस’ प्लेस्टेशन २ या गेम-यंत्राला झेपला नाही. मोठ्या लढायांत फ्रेमचा वेग (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ठळकपणे घसरे. उएदांच्या ‘द लास्ट गार्डियन’चे काम २००७ मध्ये सुरू झाले, प्लेस्टेशन ३ वरून प्लेस्टेशन ४ वर गेले आणि गेम बाहेर पडला २०१६ मध्ये. त्यातला ट्रिको हा प्राणी हुकूम लगेच मानत नाही, कारण तो पाळीव यंत्र वाटू नये. काही खेळाडूंना मात्र तो दोषच वाटला.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये १४ गेम संग्रहात घेतले. त्यांत ‘कातामारी दामासी’ आहे. त्याचे दिग्दर्शक केइता ताकाहाशी शिल्पकलेचे विद्यार्थी. श्रेय एकाच नावावर जमा करण्याची सवय मात्र फसवी आहे. ‘इको’ आणि ‘कोलोसस’ दोन्हींचे निर्माते केंजी काइदो होते, हे उएदांच्या चाहत्यांनाही अनेकदा माहीत नसते.