वर्गातील सहनिर्मिती

संगणक, टॅब किंवा मोबाइलवरील सामायिक साधने वापरून विद्यार्थ्यांनी मिळून लेख, नकाशा, ध्वनिफीत, खेळ असे काही स्वतः घडवण्याची अध्यापनपद्धती. फळ्याजागी पडदा आला किंवा पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा पाहिला, म्हणजे सहनिर्मिती झाली असे नाही. तिथे मूल प्रेक्षकच राहते.

मुंबईच्या मराठी शाळांना ही कल्पना नवखी नाही. वर्गाचे हस्तलिखित निघायचे तेव्हा कुणी कविता द्यायचे, कुणी मुखपृष्ठ रंगवायचे आणि सुवाच्य अक्षराची मुलगी सगळे उतरवून काढायची. मात्र प्रत एकच, आणि ती बहुधा शाळेच्या कपाटात जायची. शिवाय पक्की प्रत झाली की खाडाखोड नाहीशी व्हायची. सामायिक दस्तऐवजात नेमकी तीच टिकते. कोणी कोणते वाक्य केव्हा बदलले, याची नोंद आवृत्ती-इतिहासात राहते, आणि या पद्धतीचे खरे बळ तिथेच आहे.

वैचारिक पाया गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट यांचा. हाताने काही घडवताना, विशेषतः ते इतरांना दाखवण्यासाठी घडवताना, शिकणे खोल रुजते असे ते मांडत. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. वॉर्ड कनिंगहॅम यांचा पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाही बदलता येणारे संकेतस्थळ, १९९५चा, तर २००७ साली खुल्या झालेल्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या संगणकभाषेत एकाने केलेला खेळ दुसरा उघडून, बदलून पुढे नेऊ शकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. मुंबईजवळ कर्जत तालुक्यातील खैराट या गावच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे लॅपटॉप आले, ते इंटरनेटशिवायही एकमेकांना जोडता येत.

परळच्या शाळेतील सातवीचा वर्ग गिरणगावावर पान लिहितो आहे, असे समजा. भोंगा, पाळी, बदली कामगार, खानावळ असे एकेक शब्द गटांनी वाटून घेतले आहेत. एक मुलगा लिहितो, ‘१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप पुढे मिटला.’ दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर वर्गातल्या मुलीचा शेरा असतो: ‘माझे आजोबा म्हणतात, मागे घेतला असं कुणी जाहीरच केलं नाही.’ आता पुरावा शोधणे आले. जुनी वृत्तपत्रे, ग्रंथालय, चाळीतली म्हातारी माणसे. तिचे आजोबा बरोबर असतात. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. ओळ बदलते आणि दोघांचीही नावे आवृत्ती-इतिहासात राहतात. ‘मिटला’ या एका शब्दावरची ही ओढाताण म्हणजे इतिहासाचा अख्खा तास आहे. शिक्षकाने लाल पेनाने परस्पर दुरुस्ती केली असती, तर तो वाया गेला असता.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरत असतील, तर वस्तीवरचे एकच पान त्या सगळ्या भाषांत वाढू शकते. ही संधी फार थोड्या शहरांना आहे आणि ती घेतली गेली पाहिजे.

अडचणी साध्याच, पण चिवट. चौघांत एक कीबोर्ड असला की टंकलेखन येणारा लिहितो आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून दर दहा मिनिटांनी जागा बदलावी लागते. देवनागरी टंकलेखन आधी शिकवावे लागते, नाहीतर मुले रोमन लिपीत मराठी लिहू लागतात. घरचा एकुलता मोबाइल दिवसभर आई किंवा वडिलांबरोबर कामावर असतो, त्यामुळे हे काम गृहपाठ म्हणून देऊ नये, शाळेच्या वेळेतच घ्यावे. आणि आजोबांची मुलाखत पानावर चढवण्याआधी आजोबांना विचारायचे असते, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे लागते.