बाहेरच्या तांदळावर जगलेला गोवा : अन्नसाहाय्याची पार्श्वभूमी

जगभर उपाशी लोकांपर्यंत अन्न पोहोचवणाऱ्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या स्थापनेचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केला, तो दिवस 19 डिसेंबर 1961 हा होता. गोव्यात हीच तारीख मुक्तिदिन म्हणून पाळली जाते. हा निव्वळ योगायोग असला, तरी त्या दिवशी गोवा स्वतः भारताने केलेल्या अनेक वर्षांच्या नाकेबंदीतून बाहेर पडत होता, हे येथे नोंदवावेसे वाटते.

गोव्यात पिकणारा भात गोव्याला पुरत नसे. खाजन शेतीचे, म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध गावकाऱ्यांनी (गावच्या मूळ घराण्यांच्या, सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांनी) शतकानुशतके राखले, तरीही सोळाव्या-सतराव्या शतकांत राजधानीचे पोट कानडा किनाऱ्यावरील बसरूर, होन्नावर, मंगळूर या बंदरांतून येणाऱ्या तांदळावर अवलंबून होते. हा तांदूळ गलबतांच्या तांड्यांतून, लढाऊ जहाजांच्या संरक्षणात येई. त्यामुळे डचांनी गोव्याचे बंदर रोखले की राज्यकर्त्यांना रसदीचीही चिंता पडे. पुढे ब्रह्मदेशाचा तांदूळ येऊ लागला आणि तो विकत घेण्याची ऐपत बऱ्याच घरांत मुंबईहून किंवा आफ्रिकेहून येणाऱ्या पैशांमुळे आली. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी नव्हते, त्यांच्या वाट्याला पातळ पेज.

अशांना आधार कोणाचा होता? गावकारीच्या उत्पन्नातील शिलकेचा वाटा, म्हणजे जोण, गावकारांच्या पुरुष वंशजांना मिळे. बांधावर राबणाऱ्या कुणब्याचा त्यावर हक्क नसे. लिस्बनमध्ये 1498 साली स्थापन झालेल्या ‘मिझेरिकॉर्दिया’ या दयासंस्थेची शाखा सोळाव्या शतकात गोव्यात आली. ती अनाथ, विधवा, कैदी व गरीब यांना मदत करी, मात्र तिचा ओढा प्रामुख्याने पोर्तुगीज व ख्रिस्ती समाजाकडे होता. याखेरीज लोकरीतीचे दान होतेच. देवळांत समाराधना व महाप्रसाद होत असे, आणि ख्रिस्ती घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना पंगतीला बसवून ‘भिकाऱ्यांचे जेवण’ घातले जाई. ही रीत मोठ्या मनाची खरी. पण तिच्यातून मिळणारा घास यजमानाच्या घरच्या कार्यावर अवलंबून असे, जेवणाऱ्याच्या भुकेवर नव्हे.

1950 च्या दशकाच्या मध्यावर भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे वाहतूक बंद पडली आणि मुंबईहून घरी येणाऱ्या पैशांवरही निर्बंध आले. तेव्हा पोर्तुगीज प्रशासनाने तांदूळ पाकिस्तानातून, बटाटे हॉलंडमधून आणि चहा सिलोनहून आणवला. त्याच काळात वाढलेल्या लोहखनिजाच्या निर्यातीमुळे ही महागडी आयात पेलता आली. खाण आणि भाताचे शेत यांच्यातील वाद पुढच्या काळात पेटला. त्या काळी मात्र खाणीच्या पैशावर तांदूळ येत होता.

जगाच्या पाठीवरही भुकेचा प्रश्न नाकेबंदीशी जोडलेला दिसतो. ऑक्सफर्डमध्ये 1942 साली दुष्काळ निवारण समिती, म्हणजे आजची ऑक्सफॅम, स्थापन झाली, ती दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे उपाशी पडलेल्या, जर्मनी-इटलीने व्यापलेल्या ग्रीसला अन्न पोहोचू द्यावे या मागणीसाठी. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाच्या काळात तेथे मदत आयुक्त असलेले विनय रंजन सेन पुढे अन्न व कृषी संघटनेचे महासंचालक झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1960 साली, ‘भूकमुक्ती मोहीम’ सुरू झाली. माणसे उपाशी मरतात तेव्हा धान्य कोठेच नसते असे नाही, हे बंगालने दाखवून दिले होते. जागतिक अन्न कार्यक्रमाला 2020 साली शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा निवड समितीने युद्धात भुकेचा हत्यार म्हणून होणारा वापर रोखण्याच्या प्रयत्नांचाही उल्लेख केला.

गोव्यातील अन्नसाहाय्याचे स्वरूप मुक्तीनंतर हळूहळू बदलले. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदा यांनी कसणाऱ्याच्या पायाखालची जमीन व डोक्यावरचे छप्पर थोडेफार सुरक्षित केले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने 2013 साली प्राधान्य गटातील माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे अतिगरीब, कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क ठरवला. शाळांतील माध्यान्ह आहार गोव्यात प्रामुख्याने महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गट पुरवतात. रेशनचा तांदूळ मात्र भारतीय अन्न महामंडळामार्फत, बहुतांशी परराज्यांतूनच, येतो.